बदल मागे घेत आहोत

पापडी, वसई
१४ सप्टेंबर २०२५

ब्रेंडा,

तुझा कंप्युटर बिघडला. तूच आणलास म्हणून तुझा म्हणते.

तुमच्या मदरबाईंचं पत्र मिळालं. दोन फेब्रुवारीला तुझी अखेरची व्रतं. ज्या घरच्यांना येता येत नाही त्यांना समारंभ कंप्युटरवर दाखवणार म्हणे. मला येता येत नाही. हा गुडघा घेऊन दीड दिवस गाडीत बसायचं आणि वर डोंगर चढायचा, होणार नाही. डॉक्टरनेही हात जोडले. म्हणून ठरवलं की घरी बसून बघायचं. व्रतं झाली की तू कायमची तिथली. निदान जाताना तरी बघू दे. पोरीला वाढवलं मी, तिला शेवटचं द्यायला मी नको?

तर मदरबाईंनी पाठवलेलं ते पान उघडलं, सगळं पांढरं. खाली लिहिलेलं, तुमची प्रणाली जुनी आहे, आधी अपडेट करा. बरं, करा. बटण दाबलं. निळा पडदा आला. "अपडेट चालू आहे. संगणक बंद करू नका." नाही केला. एक टक्का, दोन टक्के, मुंगीच्या पायाने चाललेलं. मी माझ्या कामाला लागले. जेवायच्या आधी येऊन बघते तर, "काहीतरी चुकलं. बदल मागे घेत आहोत." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पुढे जातो आणि माघारी येतो. असा कसा हा?

तू इथे होतीस तेव्हा दिवसभर कानाला ते भोंगं लावून कुठल्या कुठल्या लोकांचे कंप्युटर फोनवरून बरे करायचीस. माझा कागदावरून कर. मठात फोन नाही हा तुमचा नियम, माझा नाही.

प्रीतलकडे मोठा फोन आहे, कुंपणापलीकडेच. पण तिच्या कुत्र्याने माझी कोंबडी मारली तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. तुझ्या व्रतांसाठीही बोलणार नाही.

लवकर लिही.

रोझलीन

*

२३ सप्टेंबर २०२५

प्रिय रोझबाय,

तुझं पत्र आधी मदरनी वाचलं. इथे सगळ्यांचीच पत्रं त्या आधी वाचतात, म्हणून त्यांना मदरबाई लिहू नकोस. त्या हसल्या आणि म्हणाल्या, बहिणीला वेळेत उत्तर द्या, ती थांबणारी दिसत नाही.

आता नीट ऐक. कंप्युटरच्या मागे जे जे लटकतंय ते काढ. फक्त वायर, पडदा, माऊस आणि कीबोर्ड राहू दे. कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर तारीख दाखवतं का बघ. कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर जाऊन तो रिकामा कर. "डाऊनलोड" नावाच्या कप्प्यात मी सोडून गेलेलं बरंच सामान असेल, ते पुसून टाक. अपडेटला आत पसरायला जागा लागते. आणि सांग, मधेच वीज जाते का? पूर्वी आपल्याकडे फार जायची. अपडेट चालू असताना वीज गेली तर तो घाबरतो आणि सगळं मागे घेतो.

मी बरी आहे. सध्या माझ्याकडे भाजीचे वाफे आहेत. इथली माती लाल आणि चिवट आहे, आपल्यासारखी नाही. विहिरीजवळचा चाफा फुलतो का अजून?

तुझी,
ब्रेंडा

*

पापडी
५ ऑक्टोबर २०२५

ब्रेंडा,

सगळं केलं. मागून लटकणारं सगळं उपटलं. एक बोटाएवढं निघालं त्यात तुझी गाणी होती, ते आल्तारच्या, देवाच्या मूर्तीखालच्या खणात ठेवलं. कचरा ओतला. तुझा कप्पा पुसला. एकेक पुसायला संध्याकाळ गेली, कारण पुसण्याआधी मी उघडून बघत होते. पप्पांच्या साठीचा फोटो त्यात होता. तो नाही पुसला. तारीख बरोबर आहे.

वीज जात नाही. ते दिवस गेले. आता वीज रोज असते, बिलही रोज असल्यासारखं येतं.

इतकं करून परत तेच. चाळीस टक्क्यांना गेला तेव्हा मला वाटलं जमलं. जेवायच्या वेळी बघते तर बदल मागे घेत आहोत. मी त्याला म्हटलं, घे बाबा, घे मागे.

स्टेशनकडे एका दुकानात विचारलं. तो म्हणाला, मावशी, आणून द्या, सगळं पुसून नवीन टाकतो. मी म्हटलं, तुझं घर पुसून नवीन टाक आधी, मग माझ्याकडे ये. आत पप्पा आहेत, तू आहेस, कॉलेजचा पांढरा ड्रेस घातलेली. पुसून टाकतो म्हणे.

चाफा फुलतो. फुलं खाली पडून सडतात. पूर्वी तू गोळा करायचीस. भात उरतो रोज. एकटीचा भात मला अजून मोजता येत नाही, हात आपोआप जास्त घालतो. रोझरी पण एकटीच म्हणते, दोन्ही बाजू. पुढचं अर्धं "नमो मरिये" मी, मागचं अर्धं "पवित्र मरिये" पण मीच. स्वतःच विचारायचं आणि स्वतःच उत्तर द्यायचं. दहा-दहा मण्यांची पाच दशकं होईपर्यंत दम लागतो.

पुढचं काय ते लिही. फेब्रुवारी काही लांब नाही.

रोझलीन

*

१८ ऑक्टोबर २०२५

प्रिय रोझबाय,

ही चिठ्ठी समोर ठेवून एकेक कर. सोबतच्या कागदावर मी चित्रं काढली आहेत. पहिल्या चित्रातल्या कप्प्यात अपडेटचं अर्धवट उतरलेलं सामान साचतं, कधी तेच नासतं आणि पुढचं सगळं नासवतं. ते पूस. मग नव्याने सुरू कर. शक्य असेल तर सकाळी लवकर लाव म्हणजे दिवसभर मिळेल. नाहीतर रात्रभर चालू ठेव.

एवढं करूनही झालं नाही तर दोष कंप्युटरात नाही, आजूबाजूला कुठेतरी आहे. मी फोनवर लोकांना हेच सांगायचे. बटण दाबल्यापासून "मागे घेत आहोत" येईपर्यंत तू घरात काय काय करतेस ते मला सगळं लिही. किरकोळ वाटलं तरी लिही.

लवकर लिही, कारण तीस नोव्हेंबरला आगमनकाळ सुरू होतो. तेव्हापासून नाताळपर्यंत आम्ही पत्र लिहीत नाही. आलेली पत्रंसुद्धा मदर ठेवून घेतात आणि नाताळला हातात देतात.

तुझं रोझरीचं वाचलं आणि आधी वाफ्यांना पाणी घालून आले, मग हे लिहायला बसले.

ब्रेंडा

*

पापडी
१६ नोव्हेंबर २०२५

ब्रेंडा,

चित्रं बघून केलं. नासका कप्पा पुसला. सकाळी लावला. दुपारपर्यंत नुसता उतरवत होता, संध्याकाळी कुठे तो निळा पडदा. मग तेच. रात्रभर चालू ठेवणार नाही. मी झोपले आणि त्याने पेट घेतला तर मला कोण उठवणार?

आणि मी घरात काय करते हे कशाला लिहू? बिघडलाय तो, मी नाही. काम करते. आणखी काय करणार.

रविवारी फादर भेटले. म्हणाले, अखेरची व्रतं होईपर्यंत मुलीला दार उघडं असतं, तिला वाटलं तर ती घरी परत येऊ शकते. ते म्हणाले ते लिहिलं. मी काही ये म्हणत नाही. तुझी खोली तशीच आहे, एवढं आपलं सांगितलं.

रोझलीन

*

पापडी
७ डिसेंबर २०२५

ब्रेंडा,

तुझं उत्तर आलं नाही. तुमचं मौन सुरू झालं. हे तुला नाताळला मिळेल, माहीत आहे, तरी लिहिते. कोणाला तरी सांगायचं असतं माणसाला. भिंतीला सांगून झालं.

परवा विहिरीपाशी घसरले. काही मोडलं नाही. बराच वेळ तिथेच बसून होते. कोंबड्या भोवती फिरत होत्या. त्यांना वाटलं दाणे टाकायला बसलेय.

बसल्या बसल्या वाटलं, तू विचारलं होतंस त्याचं उत्तर मी दिलं नाही. तर घे. सकाळी उठते, तगर खुडते, माळवाली येते, तिला देते. मग कोंबड्या. मग केळींना पाणी. दुपारी पाठ टेकते. चार वाजता चहा. मग पत्ते खेळायला बसायचे, पण आता कंप्युटर अपडेटमध्ये असतो म्हणून तेही नाही, नुसती समोर बसून आकडे बघते. सात वाजता चर्चची घंटा झाली की उठते, मेन ओढते, मेणबत्ती लावते, रोझरी करते. मग मेन वर करते, कंप्युटर परत लावते, आणि भात टाकते. भात शिजेपर्यंत हा आपला मागे घेत बसलेला असतो.

झालं. यात काय होतं विचारण्यासारखं?

मेन तुझं काम होतं, आठवतं ना? स्टूलवर चढून. पप्पा म्हणायचे, टीव्ही गप्प केला तरी डोळा तिकडे जातो, पंखा चालू असला तर डुलकी लागते, देवाला पुरता अंधार द्या. घरातल्या सर्वांत धाकट्याने मेन ओढायचा. तू गेल्यावर धाकटी मीच. मला स्टूल लागत नाही.

नाताळच्या शुभेच्छा. तुला मिळतील तेव्हा नाताळच असेल.

रोझलीन

*

२६ डिसेंबर २०२५

माझी रोझबाय,

दोन्ही पत्रं काल एकदम हातात पडली. जेवणघरात वाचता वाचता मी इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या सिस्टरच्या हातातून वाटी पडली. आणि मग हसणं कधी बदललं ते मला कळलं नाही.

बाय, वीज जाते का म्हणून मी विचारलं होतं. वीज जात नाही, तू घालवतेस! मेन ओढला की पंखा बंद, दिवा बंद, आणि कंप्युटरही बंद. तो अर्ध्या कामात आडवा होतो. जागा झाला की आपण कुठे होतो तेच त्याला समजत नाही, म्हणून बिचारा सगळं मागे घेतो. तीन महिने तू रोज संध्याकाळी त्याचा गळा आवळलास.

तुला काय बोलू, मीच विसरले. शेकडो लोकांना विचारायचे, तुमच्याकडे कोणी स्विच बंद करतं का, आणि आपल्याच घरी ते विचारायचं सुचलं नाही. सात वाजता आपल्याकडे अंधार होतो हे माझ्यासाठी सूर्य मावळण्यासारखं आहे. सूर्य कोणी बंद करतं असं वाटत नाही ना.

एक संध्याकाळ मेन ओढू नकोस. एकच. पप्पांना मी सांगते, माझी इथून ओळख जास्त आहे.

फादरांचं म्हणणं खरं आहे. दार उघडं आहे. मी ते रोज सकाळी बघते, बाय, आणि आत राहते. हे तुला स्वच्छ लिहायला हवं होतं, नोव्हेंबरातच, पण तुझं पत्र उशिरा, आगमनकाळ लागल्यावर पोचलं, माझ्या हाती कालच आलं. खोली कोंबड्यांना दे किंवा तांदळाला. तशीच ठेवू नकोस.

विहिरीजवळ काठी घेऊन जा.

तुझी ब्रेंडा

*

पापडी
८ जानेवारी २०२६

ब्रेंडा,

आधी हे ऐक. मी कंप्युटर बंद केला नव्हता. मी मेन ओढला. त्याने लिहायचं होतं ना स्वच्छ, मेन ओढू नका. शिलाईचं मशीन मधेच थांबवलं तर आधीचे टाके उसवतात का? मग याचे का उसवतात? एवढं शिकलेलं यंत्र आणि कुठे होतो ते लक्षात नाही.

पण केलं तू सांगितलंस तसं. परवा, तीन राजांच्या दिवशी. दुपारी लावला. सात वाजता घंटा झाली, मी सवयीने उठले, हात मेनपर्यंत गेला आणि धरून ठेवला. लख्ख उजेडात आल्तारपुढे बसले. अंघोळीला बसले आणि दार उघडं राहिलं असं वाटत होतं. मागे तो कंप्युटर घुं घुं करत होता. पहिलं दशक पण संपलं नाही, तर दारावर धडाधड हात.

प्रीतल! हातात स्वयंपाकातला डाव, केस सुटलेले, धापा टाकतेय.

"रोझलीन, जिवंत आहेस ना गं?"

"मेले असते तर दार कोणी उघडलं असतं?"

"मग दिवे का चालू? सात वाजून गेले! तुझं घर काळोखात गेलं की मी भात टाकते. आज वाट बघतेय, वाट बघतेय, अंधारच होईना. म्हटलं, बाई पडली वाटतं. मागे विहिरीवर पडलीस तेव्हा पण मी बघत होते कुंपणातून. उठलीस म्हणून आले नाही."

"आणि बोललीस का नाही?"

"तूच बोलत नाहीस माझ्याशी! कोंबडीवरून! तो कुत्रा मेला कधीच, रोझलीन. आता भांडतेस कोणाशी?"

मी दार पुरतं उघडलं. म्हटलं, "आत ये. रोझरी अर्धी राहिलीय. डाव खाली ठेव."

बसली. मी पुढचं अर्धं म्हटलं, तिने मागचं. तिला सूर नाही, आणि माझं संपायच्या आत ती सुरू करते, तिच्या घरी भात राहिला होता ना. पण मला दम लागला नाही. शेवटच्या दशकाला मागे पडद्यावर काहीतरी चमकलं. प्रीतल उठून वाचून आली, "तुमचा संगणक तयार आहे." आणि बसता बसता म्हणाली, "आमेन." मी रोझरीत हसले. पप्पा असते तर दोघींना बाहेर काढलं असतं.

मदरबाईंचं पान उघडलं. पांढरं नाही आता. तुमच्या चर्चचा फोटो आला. लहान आहे गं तुमचं चर्च.

तू आत राहतेस ते वाचलं. दोनदा वाचलं. खोलीत अजून काही ठेवलं नाही. बघू.

रोझलीन

*

१९ जानेवारी २०२६

प्रिय रोझबाय,

व्रतांच्या आधी मला दहा दिवस एकांतात बसायचं आहे, म्हणून हे छोटं पत्र. व्रतांनंतर लगेच उपवासकाळ येतो. मग पत्र ईस्टरनंतरच.

प्रीतल धावत आली हे वाचून मी देवाचे आभार मानले. आणि मला तिचा हेवाही वाटला, तेही लिहिते. माझी जागा होती ती.

एक सुचवू? संध्याकाळी सात वाजता आम्हांला प्रत्येकीला आपापल्या खोलीत प्रार्थनेचा वेळ असतो. मी मदरना विचारून ठेवलं आहे. तू फक्त पुढचं अर्धं म्हण. मागचं माझं. तुला ऐकू येणार नाही, पण ते इथे म्हटलेलं असेल.

आणि मेन ओढायचा असेल तर ओढ, तो पप्पांचा आहे. फक्त आधी कंप्युटर बंद कर, खाली डावीकडून. ऑक्टोबरातल्या कागदावरचं चौथं चित्र बघ.

ब्रेंडा

*

पापडी
३ फेब्रुवारी २०२६

ब्रेंडा,

बघितलं काल सगळं. सकाळपासून तयार होऊन बसले होते, लग्नाला जाताना नेसते ती साडी नेसून. प्रीतल मैद्याचे फुगे तळून घेऊन आली, गरम. बसू का विचारलं नाही, बसली.

तुम्ही सगळ्या एकसारख्या. तपकिरी कपडे, डोक्यावर तेच. रांगेने आत आलात आणि मला तू कोणती ते कळेना. म्हटलं वाढवलेली पोर मला ओळखता येत नाही. मग एक जण पुढे येऊन जमिनीवर पालथी पडली, हात पसरून. पाय दिसले. उजवी चप्पल बाहेरच्या बाजूने झिजलेली. शाळेत असल्यापासून तुझी उजवी अशीच झिजते, दर जूनला नवी घ्यायला लागायची. प्रीतलला म्हटलं, "ती बघ. ती माझी."

मग तू उठलीस, बोलायला लागलीस, कॅमेरा जवळ आला, आणि तेवढ्यात नेट अडकलं. तुझा चेहरा तसाच राहिला, तोंड अर्धं उघडं, डोळे खाली. प्रीतलने हात पुढे केला. "थांब, परत लावते."

मी म्हटलं, "हात लावू नकोस. राहू दे."

"अगं, पुढचं निघून जाईल."

"जाऊ दे पुढचं."

बराच वेळ तू तशी होतीस, माझ्यासमोर, आणि कुठे जात नव्हतीस. बारीक झालीस. कपाळावरची खूण तशीच आहे, विहिरीच्या पायरीवर आपटलीस ती. मग तो आपला आपण पुढे गेला, आणि बघते तर तुला मदर मिठी मारत होत्या. झालं होतं सगळं. तू काय बोललीस ते मी ऐकलंच नाही. तुला माहीत आहे, देवाला माहीत आहे, पुरे.

प्रीतल डोळे पुसत घरी गेली. रोज येईल असं नाही, तिला तिचं घर आहे. तुझ्या खोलीत आज तांदळाचं पिंप नेऊन ठेवलं. पलंग आहे तिथेच आहे.

संध्याकाळी चौथं चित्र समोर ठेवून कंप्युटर बंद केला, खाली डावीकडून. पडदा काळा होईपर्यंत थांबले. घंटा झाली. मेन ओढला. कुंपणापलीकडे प्रीतलच्या भांड्यांचा आवाज आला, तिने भात टाकला असणार.

मेणबत्ती लावली. माझं अर्धं म्हटलं, आणि गप्प बसले. तुला जेवढा वेळ लागायचा तेवढी थांबले. मग पुढचा मणी.

रोझलीन